आठ दिवसांचा मालक

जेवणाच्या खोलीचे दोन भाग करायचे तर पडदा कुठे लावायचा, हे थोरल्या सुनेनं सकाळपासून कुणालाच विचारलं नव्हतं. हातात दोरी घेऊन ती भिंतीपाशी उभी राहायची, एक डोळा मिटून समोरच्या भिंतीवरचा खिळा धरायची, आणि कुणाची चाहूल लागली की दोरी गुंडाळून कमरेला खोचायची. गुदामावरच्या तीन खोल्या सोडून सासऱ्यांच्या घरात येऊन तिला महिना होत आला होता. मुलं जेवणाच्या टेबलाखाली झोपत होती. नवरा टेबलावर. ती स्वतः कुठे झोपत होती, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अगं, कपडे वाळत घालायला दोरी बाहेर आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"हो सासूबाई. दोरी बाहेर आहे. मुलं आत आहेत."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही सून भांडणारी म्हणून घरात प्रसिद्ध होती. लग्न झाल्या वर्षी तिनं सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की मामंजी, तुमच्या घरात माणसांपेक्षा कुलपं जास्त आहेत. आता ती भांडत नव्हती, आणि सासूबाईंना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

झालं होतं ते असं, आणि ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं.

कुलूपशेठ गव्हाचे आणि पिठाचे व्यापारी. एके काळी बंदराकडच्या रस्त्यावरची निम्मी घरं त्यांची होती. सरकारला रस्ता रुंद करायची हुक्की आली त्यात काही गेली, आणि उरलेली मुलींच्या लग्नांत आणि थोरल्या जावयाच्या आजारपणात. राहतं घर उरलं, आणि गुदाम उरलं. गुदाम म्हणजे दगडी इमारत, खाली आढ्यापर्यंत पोती, वर थोरल्याचा संसार. सगळं घर त्या एका दारावर जगत होतं. शेठ रोज संध्याकाळी त्या दाराला कुलूप लावायचे, ओढून पाहायचे, चार पावलं जायचे, परत येऊन पुन्हा ओढून पाहायचे. नाव पडलं ते त्यामुळे.

आणि शेठ होते यहुदी. यहुदी माणसाला वल्हांडण सणाच्या आठ दिवसांत खमीर, म्हणजे आंबलेलं किंवा आंबू शकेल असं पीठ, चालत नाही. खायला चालत नाही, घरात चालत नाही, इतकंच नव्हे तर त्याच्या मालकीतसुद्धा चालत नाही. शिंप्याला, सोनाराला हे सोपं. कपाट झाडलं, उरलासुरला पाव जाळला, झाले मोकळे. ज्याची सगळी दौलतच पीठ आहे त्यानं काय जाळायचं? म्हणून त्यानं विकायचं. परधर्माच्या माणसाला, किल्लीसकट, खरंखुरं. आणि सण संपला की त्याच्याकडून परत विकत घ्यायचं. शेठच्या आजोबांपासून हे चालत आलं होतं, आणि शेठच्या कारकिर्दीत घेणारा कायम एकच होता: त्यांच्या गाड्या हाकणारा म्हातारा गाडीवान.

गाडीवान ते आठ दिवस मोठ्या रुबाबात काढायचा. ठेवणीतला कोट घालून गुदामाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. शेठ रस्त्यानं जाताना दिसले की हाक मारायचा, "काय काम होतं? मालक कामात आहेत, उद्या या!" शेठ टोपी काढून म्हणायचे, "चुकलो मालक." बाजार हसायचा. नवव्या दिवशी गाडीवान किल्ली परत करायचा आणि म्हणायचा, "सांभाळा. पोती जरा नीट रचत चला."

यंदा धाकटा मुलगा वकील होऊन आला होता. बापाला खूश करायला त्यानं ही विक्री, जी आजवर हातावर हात मारून आणि दोन साक्षीदारांसमोर व्हायची, ती मुद्रांकाच्या कागदावर आणली. नमुना कुठून आणायचा? कचेरीतला घरविक्रीचा होता, तोच उतरवून काढला. इमारत, वरच्या खोल्या, आतला सर्व माल, "वारसांसह वंशपरंपरा उपभोग घ्यावा". शेठनं ते वाचून घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात विक्री," ते म्हणाले. "माझ्या बापाला हे ऐकायला मिळायला हवं होतं."

सणाच्या मध्यावर, दारातल्या त्या खुर्चीतच, गाडीवान बसल्या बसल्या गेला. अंघोळ घालताना त्याच्या मुलानं कमरेची किल्ली काढून घेतली, ती परत दिली नाही.

उद्या कोर्टात तारीख होती.

*

दुपारचं जेवण उरकल्यावर टेबल पुसायच्या आतच थोरल्यानं विषय काढला.

"बाबा, उद्या काय बोलायचं ते एकदा म्हणून दाखवा."

"मी काय शाळेत आहे?"

"शाळेत असता तर बरं झालं असतं. मास्तरनं छडी तरी मारली असती." थोरला पन्नाशीला आलेला माणूस, बापाशी असं बोलायला त्याला एक महिना टेबलावर झोपावं लागलं होतं.

"भावड्या, तू सांग," अक्का म्हणाली. ती शेठची मोठी मुलगी, नवरा गेल्यापासून माहेरीच होती, आणि आपल्याला इथे मत आहे की नाही हे ठरवायच्या भानगडीत न पडता ती ते देत असायची. "कोर्टातले साहेब नक्की काय म्हणाले ते सांग."

धाकट्यानं चष्मा पुसला. महिनाभरात त्यानं तो इतका पुसला होता की काचा झिजायला हव्या होत्या. "साहेब चांगला माणूस आहे. मागच्या तारखेला त्यानं मला जवळ बोलावून सांगितलं, तुमच्या धर्मात अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. म्हाताऱ्याला म्हणावं, शपथेवर एक वाक्य बोल, मी कागद रद्द करतो, दुपारच्या जेवणाआधी गुदाम तुझं."

"वाक्य काय?" शेठनं विचारलं. त्यांना ते पाठ होतं.

"विक्री केवळ नावापुरती होती. मालकी देण्याचा माझा हेतू कधीच नव्हता."

"ही दोन वाक्यं झाली."

"बाबा!"

"एक वाक्य असतं तर विचार केला असता."

अक्काला हसू आलं आणि हसल्याबद्दल तिनं स्वतःलाच चिमटा काढला. आई मात्र हसली नाही. तिनं पुसायचं फडकं टेबलावर टाकलं.

"पुरे झाली तुमची मस्करी. आयुष्यभर गुदामाला तीन तीन वेळा हात लावून आलात, आणि आता ते जातंय तर तोंडातून शब्द निघत नाही? देवाला कळत नाही का, तुम्ही कशासाठी बोलताय ते?"

"त्याला कळतं ना, तीच तर अडचण आहे." शेठ खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोरच्या घराची मागची भिंत, पन्हळ, त्याखाली पिंप. ते घरही एके काळी त्यांचंच. "नावापुरती होती म्हटलं, की काय होतं ठाऊक आहे? मी नाही, माझा बाप, त्याचा बाप, आम्ही दर वर्षी सण पाळल्याचं सोंग केलं असं होतं. खमिराच्या ढिगावर बसून आम्ही बेखमीर भाकर मोडत होतो, असं होतं. आणि हे मी कुणाची शपथ घेऊन सांगायचं? त्याचीच."

"देव काय कोर्टात बसलाय?" थोरला म्हणाला.

"मग शपथ कुणाची घेऊ? शिरस्तेदाराची?"

"माझ्या मुलांची घ्या!" थोरला उठला तशी खुर्ची मागे पडली. "ती इथेच आहेत, टेबलाखाली, लांब जावं लागणार नाही. बाबा, व्यापार मी करतो. गिऱ्हाइकाला आज मी काय सांगतो, ठाऊक आहे? माल आहे, पण आमचा नाही. महिनाभर हेच सांगतोय. लोक म्हणतात, मग कुणाचा? मी म्हणतो, गाडीवानाच्या पोराचा. लोक म्हणतात, मग आम्ही त्याच्याकडेच जातो की! चुकलं त्यांचं?"

"कागद यानं केला," आई धाकट्याकडे न बघता म्हणाली.

"मी बाबांसाठी केला."

"तेच म्हणते. इतका शिकून एक कागद कच्चा ठेवता आला नाही तुला."

धाकट्याला यावर उत्तर होतं. कच्चा कागद बाबांनी फाडून टाकला असता. पण त्यानं पुन्हा चष्मा काढला. या घरात आईशी वाद जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि जन्माला आला असता तरी वकील झाला नसता.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला.

*

चाबक्या दारात उभा होता. गाडीवानाचा हा मुलगा लहानपणी बापाचा चाबूक गळ्यात घालून हिंडायचा म्हणून ते नाव. आता त्याला मिशा होत्या, छावणीला चारा पुरवायचं काम होतं, आणि कमरेला गुदामाची किल्ली होती. ती त्यानं कोटाच्या आत ढकलायचा प्रयत्न केला. किल्ली मोठी होती, गेली नाही.

"मुलांच्या गाद्या आणल्यात," तो म्हणाला. "आणि पाळणा. वर पडून होतं सगळं. उंदीर लागतील म्हटलं."

थोरली सून पुढे झाली. "कागदात लिहिलंय ना, आतला सर्व माल? मग पाळणा तुमचा. तुम्हीच निजा त्यात."

"वहिनी, मी भांडायला नाही आलो."

"मग कशाला आलास?" थोरला बाहेर आला. हे दोघं लहानपणी एकाच गाडीच्या दांडीला लोंबकळलेले. "उपकार करायला? किल्ली टाक आणि जा, तेवढा उपकार बास."

"दादा, तुझ्या बापानं सांगितलं तर टाकतो."

सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ मागे भिंतीला टेकून उभे होते.

"शेठ," चाबक्या म्हणाला, "मला कोर्टात बोलता येत नाही. साहेब बोलतो ते दुभाषा सांगतो, दुभाषा बोलतो ते मला कळत नाही. म्हणून इथे बोलतो. छप्पर गळलं होतं ते वर्ष आठवतं?"

कुणाला आठवत नव्हतं! दर वर्षी सणाच्या जेवणाला आई ती गोष्ट सांगायची, आणि पोरं हसून लोळायची. सणाच्या आठ दिवसांत अवेळी पाऊस आला, गुदामाचं छप्पर गळलं, एका बाजूची सगळी थप्पी भिजून कुजली. आणि गाडीवान काय म्हणाला? "माझ्या मालकीत भिजलं, तोटा माझा!" आणि खरंच बैलजोडी विकून त्यानं भरपाई शेठच्या हातात आणून ठेवली. केवढा मानी माणूस! आई हे सांगताना गाडीवानाचा आवाज काढायची.

"मी त्या वर्षी एवढा होतो," चाबक्यानं हात छातीपर्यंत नेला. "बैल गेले, पण गाडी होती ना. मग बैलांच्या जागी आम्ही दोघं. एका बाजूला बाप, एका बाजूला मी. दोन हंगाम ओढली. शाळा सुटली ती तेव्हाच. आई रात्री खांद्याला हळद लावायची आणि बापाला म्हणायची, जा की शेठकडे, ते देतील परत. बाप म्हणायचा, शेठनं घेतलं तेव्हाच मला कळलं, की मी खराच मालक होतो. आता ते परत मागून मला पुन्हा गाडीवान करू नकोस."

 टेबलाखालून सगळ्यात धाकटी नात बाहेर आली आणि आपली उशी ओळखून ती गाडीतून ओढू लागली.

"एवढंच सांगायचं होतं," चाबक्या म्हणाला. "तेव्हा खरं होतं, तर आता खरं आहे. आणि आता खोटं असेल, तर मग, बघा शेठ, मला पुढचं बोलता येत नाही."

त्यानं गाद्या उतरवल्या. पाळणा दारात ठेवला. जाताना सवयीनं त्यानं आईला वाकून नमस्कार केला, आणि आईनंही सवयीनं "सुखी राहा" म्हटलं, आणि मग तोंडावर हात ठेवला.

*

गाडीचा आवाज दूर गेल्यावर अक्का बापाजवळ गेली. बाकीचे गाद्या आत घेत होते.

"बाबा, एक विचारू? नंतर तुम्ही त्याला बैल घेऊन का दिले नाहीत? भरपाई म्हणून नाही. असेच, भेट म्हणून."

"दिले असते तर विक्री खोटी ठरली असती."

ते त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की अक्काला कळायला वेळ लागला. या माणसाला ते त्याच वर्षी सुचलं होतं. त्यांनी त्याचा विचार केला होता. बाप-लेक गाडी ओढत खिडकीखालून जाताना त्यांनी पाहिलं होतं, आणि धर्म पक्का राहावा म्हणून हात आवरून धरला होता. ज्याची गोष्ट करून आपण हसत होतो, तो घोट हा माणूस दर वर्षी त्याच टेबलावर बसून गिळत होता.

"मग उद्या तुम्ही तसं म्हणू शकत नाही," ती हळूच म्हणाली. सकाळपर्यंत ती भावांच्या बाजूची होती. "ते दुसरं वाक्य तर नाहीच."

"मी तेच म्हणतोय गं महिनाभर."

"तुम्ही देवाचं नाव सांगत होतात. बैलांचं सांगितलं असतं तर आम्हाला कळलं असतं."

पलीकडे आई पाळण्याच्या कडेवर बसली होती. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, गाडीवानाची नक्कल करणारा. माझ्या मालकीत भिजलं, तोटा माझा. किती छान काढायची ती तो आवाज.

शेठ हात धुवायला म्हणून आत गेले. जेवणाच्या खोलीत थोरली सून स्टुलावर चढली होती. तिनं चादरी एकमेकींना शिवून लांब पडदा केला होता, तोंडात खिळे धरले होते, आणि सासऱ्यांना पाहून तिनं ते हातात काढून घेतले.

"बरं झालं आलात मामंजी. तुम्हीच सांगा. पडदा इथपर्यंत लावू, का खिडकी आमच्या बाजूला घेऊ?"

"घे की खिडकी."

"आणि दुसरं, थोडे दिवसच लावायचा असेल तर हे बारके खिळे चालतील. कायमचा असेल तर मोठे आणायला पाठवते. भिंत खराब होईल, म्हणून विचारलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. शेठनं तो शोधला. त्यांना हवा होता. भांडली असती तर त्यांनी उत्तर दिलं असतं. तिला खरोखरच खिळ्यांचं जाणून घ्यायचं होतं. भिंतीवर एका उंचीवर तिनं खडूनं खुणा केल्या होत्या, आणि त्याखाली मुलांच्या उंचीच्या दुसऱ्या खुणा होत्या, वर्षावर्षाच्या.

"बारकेच लाव," शेठ म्हणाले.

*

सकाळी आई शेठची टोपी झटकत होती. एरवी एका फटक्यात व्हायचं काम ती बराच वेळ करत राहिली.

"ऐकता का? काल मी बोलले ते परत घेते."

"काय?"

"जाऊ दे गुदाम. तसलं काही म्हणू नका तिथे. मी शिवणकाम करीन, अक्का आहे, धाकट्याला चार पक्षकार मिळतील. नका म्हणू."

शेठनं टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, आरशात पाहून सरळ केली.

"हे काल दुपारी बोलली असतीस तर..."

"काल दुपारी मला कुठे कळलं होतं? आत्ता कळलं."

"मला पण काल दुपारनंतरच कळलं," शेठ म्हणाले. "मोठे खिळे आणायचे म्हणत होती ती."

आईला काही उमगलं नाही. ती त्यांच्यामागे दारापर्यंत गेली, मग फाटकापर्यंत, आणि मग रस्त्यावर काय बोलायचं म्हणून थांबली.

कोर्टात दारं-खिडक्या बंद होत्या आणि आत शाईचा वास कोंडला होता. टोपी डोक्यावर ठेवूनच शपथ घ्यायची परवानगी साहेबानं दिली; माणूस चांगला होता. शेठनं पवित्र पुस्तकावर हात ठेवला. धाकटा खाली मान घालून उभा होता, कारण बाप नकार देणार याची त्याला खात्री होती आणि त्या नकारासाठी त्यानं रात्रभर युक्तिवाद शोधले होते. थोरला मागच्या बाकावर होता. त्याचीही तीच खात्री होती, आणि खिशात त्यानं दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी मागणारा अर्ज ठेवला होता. चाबक्या समोर, बापाच्या ठेवणीतल्या कोटात. खांद्याला तो कोट त्याला आवळत होता.

"विक्री केवळ नावापुरती होती," शेठ म्हणाले. "मालकी देण्याचा माझा हेतू कधीच नव्हता."

दोन्ही वाक्यं त्यांनी स्पष्ट, एका दमात म्हटली. धाकट्यानं मान वर केली. दुभाष्यानं भाषांतर केलं, साहेबानं समाधानानं मान हलवली आणि लिहायला घेतलं. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

चाबक्यानं कमरेची किल्ली सोडवली आणि साहेबाच्या टेबलावर ठेवली. मग तो दुभाष्याला म्हणाला, "साहेबांना विचारा, मग बैल कुणाचे होते?"

दुभाष्यानं ते सांगितलं नाही. खटल्यात बैलांचा उल्लेख कुठेच नव्हता.

*

पडदा त्याच संध्याकाळी उतरला. थोरल्यानं गुदाम धुऊन काढलं, माल फिरवला, आणि वर्षभरात धंदा असा उभा केला की बाजारानं तोंडात बोटं घालावीत. थोरली सून पुन्हा भांडू लागली. बाहेरून पाहणाऱ्याला घरात काहीच कमी नव्हतं. शेठ मात्र गुदामाकडे फिरकले नाहीत. कुलूप लावायला जायची वेळ झाली की ते खिडकीशी उभे राहून समोरचं पिंप बघत बसत.

आणि वर्ष फिरून सण तोंडावर आला.

शेठ पहिल्यांदा शेजारच्या लोहाराकडे गेले. लोहार जुना स्नेही. त्यानं बसायला दिलं. "शेठ, तुमची विक्री म्हणजे नाटक असं तुम्हीच शपथेवर सांगितलंत. नाटकात काम करायला मला कुठली सवड?" नावाड्यानं नुसतेच हात जोडले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. प्रार्थनामंदिरातले गुरुजी, जे दर वर्षी साक्षीला असायचे, त्यांनी तर शेठना दाराशीच थांबवलं. "तुम्ही पुस्तकावर हात ठेवून जे खोटं असल्याचं सांगितलंत, त्याला मी खरं म्हणून साक्ष कशी देऊ? मला वाट दाखवा, मी देतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाट दोघांनाही दिसत नव्हती.

शेवटी शेठ चाबक्याच्या अंगणात गेले. तो चाकाच्या आसाला वंगण देत होता.

"आठ दिवसांसाठी?" त्यानं वर न बघता विचारलं.

"हो."

"खरं?"

"खरं."

चाबक्यानं चाक फिरवलं. ते आवाज न करता बराच वेळ फिरत राहिलं.

"शेठ, माझा बाप असता तर त्यानं घेतलं असतं. त्याला तुमचं खरं आणि तुमचं खोटं वेगवेगळं ओळखता येत होतं. मला नाही येत." मग तो उठला, आणि अगदी आदरानं फाटक लावून घेतलं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी शेठ गुदामावर गेले. वर्षानंतर त्यांना पाहून हमाल उठून उभे राहिले. शेठनं कुलूप काढलं, दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली, त्यांना दगड लावले, आणि रस्त्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "हे माझं नाही. हे कुणाचंच नाही. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं."

थोरला वरून धावत आला. "बाबा, वेड लागलंय का? बंद करा ते!"

"ज्या दाराला मालक नाही त्याला कुलूप लावणारा तू कोण?"

"मी कोण? मी..."  थोरल्यानं बापाच्या हातातली किल्ली घ्यायला हात पुढे केला आणि बापाचं तोंड पाहून मागे घेतला. त्यानं कधी या माणसाला विनवणी करताना पाहिलं नव्हतं.

"एक वर्ष, थोरल्या. एकदाच. जाऊ दे जे जाईल ते."

आत गाडीवानाची ती खुर्ची अजून होती. शेठनं ती रस्त्यापलीकडे सावलीत नेऊन ठेवली आणि बसले. रोज सकाळी येऊन ते बसत. कुणी पोतं उचलावं, निदान एकानं एक उचलावं, याची ते वाट पाहत होते. ते गेलं असतं तर त्यांना कळलं असतं की त्यांचं बोलणं अजून खरं होतं.

लोक आले. उघडी दारं पाहून थबकले. समोर खुर्चीत बसलेल्या कुलूपशेठकडे त्यांनी पाहिलं, एकमेकांना कोपरानं ढोसलं, आणि पुढे गेले. "नवा खेळ काढलाय म्हाताऱ्यानं," कुणीतरी म्हणालं. "हात लावून बघ, लगेच कोर्टात सांगेल, नावापुरतं होतं." एक धुणंवाली टोपली घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. पोरांसाठी पीठ न्यायला आली असावी. तिनं वाकून पोत्याला हातही लावला. शेठ खुर्चीतून अर्धे उठले, "घे बाई, घे," म्हणाले. ती दचकली, आजूबाजूला कुठे शिपाई लपलाय का पाहिलं, आणि टोपली उराशी धरून पळत सुटली.

आठवा दिवस मावळला. थोरला आत जाऊन थप्प्या बघून आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"बाबा, एक पोतं गेलं नाही! उघडं ठेवलं आठ दिवस, आणि एक गेलं नाही. काय पत आहे बघा तुमची!"

"एकही नाही?"

"एकसुद्धा नाही."

शेठ उठले. खुर्ची त्यांनी परत जागेवर नेऊन ठेवली, दगड बाजूला केले, दारं ओढून घेतली आणि कुलूप लावलं. किल्ली थोरल्याच्या हातात दिली आणि घराच्या दिशेनं चालू लागले. चार पावलांवर थोरला सवयीनं थांबला, ते परत येतील म्हणून.

ते परत आले नाहीत. कुलूप त्यांनी ओढून पाहिलं नव्हतं.